लिंबांचं सरबत कुणाला पाजताय?

आगरातली (केळशी)

३ जून २०२०. निसर्ग वादळ ओसरल्यावर मागचं दार उघडलं, तर जिथे आगर होतं तिथे नुसतं आभाळ. सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी मधोमध मोडलेल्या, माड मुळासकट आडवे. कित्येक दिवस वीज नव्हती. फोन लागायला लागला तसा एका नातेवाइकांचा निरोप आला: 'आयुष्यानं लिंबं दिली तर सरबत करून प्या.' मी फोन पालथा ठेवला आणि फांद्या ओढायला गेले.

परवा लेकीच्या दहावीच्या निरोप समारंभात पाहुण्यांनी पुन्हा तीच माळ लावली. 'प्रत्येक ढगाला रुपेरी किनार असते', 'बोगद्याच्या टोकाला उजेड असतो.' इंग्रजी म्हणी इंग्रजीच्या तासाला जरूर शिकवा. पण शब्दाला शब्द लावून त्या मराठीत आणू नका, आणि दुःखात बसलेल्या माणसाला तर मुळीच ऐकवू नका. आपल्याकडे 'आगीतून फुफाट्यात' आहे, 'दुष्काळात तेरावा महिना' आहे, 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' आहे. कुणी असं म्हणालं की त्याला माझं दुखणं कळलंय असं वाटतं. आणि ढगाचं म्हणाल, तर मृगात आम्ही हात जोडून ढग मागतो. त्याला संकट कसं म्हणायचं?

हापूसवाला (देवगड)

ताई, नुकसानीचं वाचून वाईट वाटलं, पण ढगाचं पटलं नाही. जानेवारीत आमच्या बागेत या. कलमं मोहरानं भरलेली असतात आणि सकाळी उठून बघावं तर मळभ. दोन दिवस मळभ राहिलं की तुडतुडे वाढतात, मोहर चिकट होऊन काळा पडतो, फवारणीचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. त्या दोन दिवसांत घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. 'मनावर मळभ आलं' हे काय इंग्रजीतून आलं? ढग म्हणजे संकट हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

बोगदाही परका नाही. कोकण रेल्वे १९९८ पासून सलग धावते आहे, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आमची पोरं त्यातून जातच मोठी झाली. त्यांच्या तोंडी बोगदा आणि उजेड आला तर तो त्यांचाच.

उलट तुमचा दुष्काळातला तेरावा महिना घाटावरचा. आपल्याकडे पाऊस ढिगानं पडतो, दुष्काळ आपण ऐकून माहीत. मग ती म्हण आपली कशी?

आगरातली (केळशी)

दादा, मळभाचं मान्य. तेराव्या महिन्याचं नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. नडलेल्या घराला सणाच्या आधी आणखी एक महिना काढावा लागतो, एवढाच त्या म्हणीचा अर्थ. २०२० मध्ये नेमका अधिक आश्विन होता, १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर. पितृपक्ष संपला तरी घट बसले नाहीत, दिवाळीही महिनाभर लांबली. कोरोनात मुंबईहून येणारे पैसे थांबले होते, सुपारी गेली होती. नवी पोफळ लावली तरी फळ धरायला पाच-सात वर्षं. मी तो तेरावा महिना डब्यातले तांदूळ वाटीनं मोजून काढलाय. घाटावरून आली असेल, पण माझ्या घरात ती खरी ठरली.

खडू-फळा (चिपळूण)

बावीस वर्षं इंग्रजी शिकवतो. माझं भांडण भाषांतराशी नाही, वाईट भाषांतराशी आहे. 'सिल्व्हर लायनिंग'ची 'किनार' कुणी केली कोण जाणे. लायनिंग म्हणजे अस्तर, कोटाला आतून लावतात ते. ही कल्पना मिल्टनच्या १६३४ सालच्या एका नाट्यकाव्यातली. रात्री अंधारात वाट चुकलेली मुलगी वर बघते आणि काळा ढग आपलं रुपेरी अस्तर तिच्याकडे उलटून दाखवतो. किनार नुसती शोभेची, अस्तर उबेचं. तेवढा एक शब्द नीट आणला असता तर त्या समारंभातलं वाक्य इतकं पोकळ वाटलं नसतं.

लिंबांचंही तसंच. एल्बर्ट हबर्ड या अमेरिकन लेखकानं १९१५ मध्ये मार्शल वाइल्डर या विनोदी नटाच्या मृत्युलेखात ते लिहिलं. वाइल्डर जन्मापासून शरीरानं खुजा, तरी आयुष्यभर त्यानं लोकांना हसवलं. नशिबानं पाठवलेली लिंबं त्यानं उचलली आणि सरबताचं दुकान थाटलं, असं हबर्डनं म्हटलं. जो माणूस ते करून गेला त्याचा तो गौरव होता. पुढे लोकांनी त्याचा उपदेश केला. ताई, तुम्हाला आलेला निरोप चुकीचाच होता, पण दोष म्हणीचा नाही, ती कुणाला आणि कधी सांगितली याचा आहे. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या माळ्यापर्यंत आलं, तेव्हा 'चार दिवस सासूचे' असं मला कुणी म्हणालं असतं तरी मी इतकाच चिडलो असतो.

बंदरावरचा (हर्णै)

मास्तरांचं बरोबर आहे, पण माझं मन ताईंकडे झुकतं. 'कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा' ही म्हण आमच्याकडे बंदरात उभं राहून बघता येते. लिलावाच्या वेळी बैलगाडी पाण्यात शिरते, होडीतली म्हावऱ्याची टोपली गाडीत येते. तिकडे दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत ट्रक चढतात. एवढं जवळ असताना लांबचं कशाला आणायचं?

एक मात्र इंग्रजीतलं घ्यावंसं वाटतं. पुतण्या बोटीवर काम करतो, त्यानं 'हाय अँड ड्राय' सांगितलं. ओहोटीत कोरडी पडलेली बोट, म्हणजे कुणाचा आधार नसलेला माणूस. आमच्या खाडीत रोजची ओहोटी कुणी मनावर घेत नाही, सहा तासांनी पाणी येतंच. पण अमावास्येच्या उधाणाला होडी फार वर चढली आणि तिथेच बसली, तर पुढे भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस. भरती येते, पण होडीपर्यंत पोचत नाही. माझ्या वडिलांची होडी अशी अडकली होती. रोज दोन वेळा पाणी यायचं आणि चार हात खालून परत जायचं. वडील जाळी शिवत तिच्या सावलीत बसून राहायचे. पुनवेच्या उधाणाला, पहाटे, ती हलली.

आगरातली (केळशी)

काका, अशा होडीला तुमच्याकडे काही शब्द आहे का?

बंदरावरचा (हर्णै)

वेगळा नाही. 'भांगात अडकली' म्हणतो.