मदत हवी आहे: लॉग फाइल उडवली तरी डिस्क रिकामी होत नाहीये
मंडळी, उबुंटू सर्व्हरवर एक पायथन प्रोग्रॅम नोहपने (लॉगआउट केलं तरी प्रोग्रॅम चालू ठेवणारी कमांड) चालू आहे, आउटपुट एकाच बाणाने (>) लॉग फाइलमध्ये वळवलंय. क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप कामं करणारी सोय) ती फाइल उडवली पण डीएफ (डिस्क किती भरलीय ते सांगणारी कमांड) अजून डिस्क भरलेलीच दाखवतंय आणि डीयूमध्ये (फाइलींनी किती जागा घेतलीय ते मोजणारी कमांड) ती जागा दिसतच नाही. एलएसओएफमध्ये (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) त्या लॉग फाइलपुढे डिलीटेड येतंय, म्हणजे प्रोग्रॅमने फाइल धरून ठेवलीय, ती बंद होईपर्यंत जागा सुटणार नाही एवढं कळलं. पण प्रोग्रॅम थांबवता येत नाही हो, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. प्रॉकमधल्या (चालू प्रोग्रॅमची माहिती असलेलं /proc फोल्डर) एफडी 1 वरून (प्रोग्रॅमचं आउटपुट जाणारी उघडी फाइल) ट्रंकेट करून, म्हणजे कापून, फाइल शून्य केली तर चालेल का? दुहेरी बाण (>>, म्हणजे कायम फाइलच्या शेवटी जोडणं) नसल्यामुळे प्रोग्रॅम जुन्याच जागेपासून पुढे लिहील, मधे पोकळी राहून साइझ मोठी दिसेल, ते चालेल, पण जागा खरंच मोकळी होते ना? चालू प्रोग्रॅमवर कोणी केलं असेल तर प्लीज लवकर सांगा.