'लेव्ही'ला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी_सिएटल
आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांसाठी इथल्या स्थानिक करांवर मराठीत टिपण लिहितेय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. नोव्हेंबर 2023 मध्ये सिएटलच्या मतदारांनी सात वर्षांसाठी 97 कोटी डॉलरची 'हाउसिंग लेव्ही' मंजूर केली. घराच्या सरकारी किमतीत दर हजार डॉलरमागे साधारण 45 सेंट जादा कर, आणि त्या पैशातून मुख्यतः कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी भाड्याची घरं.

मतपत्रिका पोस्टाने घरी आली. आईचं इथलं पहिलंच मतदान. मी वाचून दाखवत होते, तर 'लेव्ही' ऐकताच तिने पेन खाली ठेवलं. "लेव्ही सरकार घेऊन जातं. त्यावर मत कोण विचारतं?" तिच्या वडिलांनी बैलगाडीतून लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीने द्यावी लागणारी, ज्वारी तालुक्याला नेली होती, घरातल्या कणग्या अर्ध्या असताना. 'लेव्ही म्हणजे कर' हे तिला काही पटेना. दुसरा शब्द आहे का?

पुरुषोत्तम
'उपकर'. मूळ करावर बसतो, ठरावीक कामासाठीच वापरायचा असतो. शिक्षण उपकर सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजी शब्द तसाच ठेवण्याचं कारण दिसत नाही. 'महापौर'सुद्धा एके काळी नवाच होता, आज कोणाला खटकतो?

गिरगावकर
पुरुषोत्तमजी, शब्द चांगला आहे, पण मुंबईत तो कोणाच्या तोंडी नाही. कागदोपत्री 'उपकरप्राप्त इमारत', बोलताना 'सेसची बिल्डिंग'. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी 1969 च्या कायद्याने हा कर आला. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, आमची त्यातलीच. भाड्याच्या पावतीवर सेसची रक्कम वेगळी लिहिलेली असायची. वडील पावत्या तारेत ओवून ठेवत. जिन्याच्या दोन पायऱ्या गेल्या तेव्हा ती तार घेऊनच ते दाद मागायला गेले. लाकडी टेकू मिळाला, पायऱ्या नाही मिळाल्या. मला 'उपकर' म्हटलं की ती तार आठवते.

शैला_सातारा
मृण्मयी, 'पट्टी' म्हण. घरपट्टी, पाणीपट्टी तर आहेच, पण आमच्याकडे यात्रेचीही पट्टी असते. देवळात बैठक बसते, घरटी किती ते सगळ्यांदेखत ठरतं, आणि पैसा यात्रेलाच जातो. तुमच्याकडेही लोकांनीच ठरवलं ना?

पुरुषोत्तम
शैलाताई, यात्रेची पट्टी थकली तर जप्ती येत नाही. सिएटलला विरोधात मत दिलेल्यालाही पैसे भरावेच लागतात. मग ती वर्गणी नव्हे, करच.

शैला_सातारा
थकलेल्याचं नाव देवळाच्या फळ्यावर राहतं, दादा. जप्तीपेक्षा ते जास्त लागतं.

अनिकेत_पुणे
लेव्हीचं होईल काहीतरी. मला अडचण 'परवडणारी घरं' या शब्दाची वाटते. आपल्याकडे जीएसटीच्या व्याख्येत 45 लाखांपर्यंतचं घर परवडणारं. चटई क्षेत्र मुंबईत 60 चौरस मीटर, पुण्यात 90. बांधकाम चालू असताना घेतलं तर कर 1 टक्का. घ्यायला येणाऱ्याची मिळकत त्यात कुठेच नाही! सिएटलला मोजमाप कशाचं?

मृण्मयी_सिएटल
कुटुंबाच्या उत्पन्नाचं. भाड्याची बहुतेक घरं परिसरातल्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याहून कमी कमावतात तो आकडा) 60 टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांसाठी, बरीचशी 30 टक्क्यांच्या आतल्यांसाठी.

अनिकेत_पुणे
बघा! तिकडे माणूस मोजतात, इकडे भिंती. दोन्हींना एकच शब्द वापरला तर तुमचे ज्येष्ठ पुण्यातल्या होर्डिंगवरचं घर समजतील. 'आवाक्यातली घरं' लिहा, म्हणजे कोणाच्या आवाक्यातली हे सांगावंच लागेल.

वैदेही
'परवडणे' आणि 'परवड' एकाच घरातले असावेत असं मला फार दिवस वाटतं. परवड म्हणजे हाल. आजी म्हणायची, "मुंबईत बिऱ्हाड परवडलं नाही आणि पोरांची परवड झाली." एका वाक्यात दोन्ही! जुन्या मराठीत 'परवडी' म्हणजे रीत, प्रकार. रीतीत बसलं ते परवडलं, असं असेल?

पुरुषोत्तम
नाद सारखा म्हणून नातं जोडू नये. हाल आणि सोय एका धातूतून कसे निघतील?

वैदेही
का नाही? 'सोसणं' बघा. 'मला ते सोसत नाही' आणि 'मी खूप सोसलं'. सहन होणं आणि हाल, दोन्ही तिथे आहेतच.

गिरगावकर
वैदेहींचं पटतंय. आमच्या चाळीत 'परवडत नाही' म्हणजे पैसे नाहीत एवढंच नसायचं. जागा, पाणी, शेजार, सगळं त्यात यायचं.

मृण्मयी_सिएटल
मंडळी, लेव्ही राहिलीच. त्यात फेब्रुवारी 2025 मध्ये आणखी एक मतदान झालं. एखाद्याचा पगार वर्षाला 10 लाख डॉलरच्या वर गेला, तर वरच्या रकमेवर कंपनीने 5 टक्के कर भरायचा. तो पैसा शहराच्या नव्या 'सोशल हाउसिंग' (सार्वजनिक मालकीची भाड्याची घरं) संस्थेला. ही घरटी नाही, मग हिला पट्टी म्हणायचं का? आणि 'सामाजिक गृहनिर्माण' वाचून कोणाला काय कळेल?

वैदेही
'सोसणं'वरून आठवलं, 'सोय'चा उगम कोणी शोधलाय का?

शैला_सातारा
मृण्मयी, क्रियापद बघ. कर बसतो, सेस लागतो, पट्टी गाव काढतं. आणि लेव्ही आमच्याकडे 'घालायची' असायची, वजनकाट्यावर नेऊन. तुझी आईही 'घातली' म्हणते का?

मृण्मयी_सिएटल
आत्ता विचारलं. "घातलीच. सहा पोती. सातवं परत आणलं."