दुसरा गिअर चढाला सटकतोय, इंजिन फोडावंच लागेल का?

किटलीवाला_करवीर
१०० सीसीची गाडी आहे, चार गिअर, सगळे पुढं दाबून पडणारे. मागं दुधाच्या दोन किटल्या. वाघबीळच्या पुढं पन्हाळ्याच्या चढाला दुसऱ्यात रेस दिली की खट्ट करून गिअर सटकतो आणि इंजिन नुसतं ओरडतं. लिव्हर पायानं दाबून धरली तर राहतो. बाकी तिन्ही गिअर ठणठणीत. एक मिस्त्री म्हणतो स्प्रिंग बदलून बघू, दुसरा म्हणतो गिअरचे डॉग वेल्डिंगनं भरून घेऊ, स्वस्तात होईल. कुणाचं ऐकू?

लेथ_उद्यमनगर
दोघांचंही नको. स्टॉपर आर्मची, म्हणजे पडलेला गिअर जागेवर धरणाऱ्या दांडीची, स्प्रिंग ढिली झाली असती तर एकाच गिअरवर राग काढला नसता, कुठलाही सटकला असता. एकच गिअर आणि तोही लोडवर, म्हणजे त्या गिअरचे डॉग किंवा त्याला शाफ्टवर सरकवणारा काट्यासारखा फोर्क.

डॉग म्हणजे गिअरच्या बाजूला असलेले ठोकळे, ते शेजारच्या गिअरच्या खाचेत बसतात. त्यांची कड सरळ नसते, दोन-तीन अंश आत कापलेली असते, त्यामुळं लोड आला की दोन्ही गिअर एकमेकांना ओढून धरतात. कोपरे गोल झाले की तोच लोड त्यांना बाहेर ढकलतो. म्हणून सपाटीला त्रास नाही आणि चढाला आहे.

वेल्डिंगचं डोक्यातून काढा. गिअरचा कडकपणा वरच्या पातळ थरात असतो, तो तापला की गेला. शिवाय हातग्राइंडरनं घासलेले डॉग एकसारखे बसत नाहीत, सगळा भार एकावर येतो आणि तो तुटून इंजिनच्या केसमध्ये फिरतो.

आणि लिव्हर दाबून धरणं आजपासून बंद. फोर्कची टोकं गिअरच्या खोबणीत घासून निळी पडतात, पातळ होतात. मग फोर्कही घ्या.

क्लच_केबल
वरचं बरोबर, पण इंजिन उतरवायच्या आधी फुकटातलं बघून घ्या. गिअर लिव्हरचे आटे (शाफ्टला पकडणारे आतले दाते) गेलेत का? लिव्हर किंवा बूट फूटरेस्टला अडून गिअर अर्धवट पडतोय का? क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी ढील हवी. सटकल्यावर परत दाबल्याशिवाय ओढ येत नसेल तरच गिअर. आपोआप ओढ येत असेल तर क्लच किंवा चेन-स्प्रॉकेट बघा, उगाच गिअरबॉक्सला बदनाम करू नका.

किटलीवाला_करवीर
परत दाबावंच लागतं. लिव्हर कुठं अडत नाही, आटेही ठीक. मग खोलतोच. एकच गिअर बदलला तर भागेल का?

लेथ_उद्यमनगर
नाही भागणार, भावा. ज्याचे डॉग आणि ज्याच्या खाचा, ते दोन्ही गिअर घ्या. जुन्या गोल खाचेत नवा डॉग थोड्याच दिवसांत तसाच होतो. फोर्क काचेवर ठेवून बघा, वाकडा असेल तर ठोकून सरळ करू नका, नवाच घाला. ड्रमच्या (फोर्क हलवणारा खोबणीवाला रूळ) खोबणीची कड चुरगळली असेल तर ड्रमही.

हेड, सिलिंडर, क्लच, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) सगळं उतरणार. मॅग्नेट पुलरनंच काढा, हातोडी चालवली की क्रँक गेला. शाफ्टवरचे वॉशर ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा. एक जरी राहिला तरी गिअर बाजूला सरकतो आणि खर्च करूनही दुसरा सटकतच राहतो. सर्कलिप, म्हणजे शाफ्टवर गिअर अडवणाऱ्या तुटक रिंगा, जुन्या वापरू नका. नव्या बसवताना गरजेपेक्षा जास्त फाकवू नका, आणि धारदार कड गिअरच्या ढकलण्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

केसचं गॅस्केट नवं. केस बंद केल्यावर, सिलिंडर चढवायच्या आधी, एका हातानं शाफ्ट फिरवत दुसऱ्या हातानं ड्रम फिरवा आणि चारही गिअर पाडून बघा. तिथं अडकलं तर परत खोलायला अर्धा तास. सगळं बांधल्यावर कळलं तर दिवस गेला.