मदत हवी आहे: निबंधात माहिती भरपूर येते, पण समोरच्याला पटवून देता येईना

नमस्कार. जरा लांबण लागंल पण पूर्ण वाचून मग सांगा, लई अडलंय माझं.

मी लातूरला अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करायलोय. आजवरचा आमचा सगळा अभ्यास ऑप्शनवाला, चारातला एक गोळा काळा केला की झालं. आता २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यात निबंधाचा २५० मार्कांचा आख्खा पेपर, आणि तिथंच घोडं अडलंय. जीएसची (सामान्य अध्ययनाची) उत्तरं कशीबशी जमायलीत, पण एक बाजू धरून दुसऱ्याला पटवून द्यायचं म्हणलं की पेन पुढं सरकत नाही.

मागच्या आठवड्यात टेस्टला विषय आला, ‘मराठवाड्यात ऊस असावा का?’ म्हणलं हा तर आपल्या घरातलाच विषय. आमच्या शिक्षणासाठी आई लातूरला खोली करून राहिली होती, वडील गावाकडं शेतीवर. मी नववीत असताना, एप्रिल २०१६ ला, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. १२ तारखेला पहिली गाडी, १० डबे, ५ लाख लिटर पाणी. त्याच्या आधीच पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली. आमच्या गल्लीत टँकर आला की सगळ्यांच्या घागरी एका रांगेत, आणि आपल्या कोणत्या ते कळावं म्हणून आईनं घागरींच्या गळ्याला लाल चिंध्या बांधलेल्या. त्या चिंध्या अजून डोळ्यापुढं आहेत. पण निबंधात ह्यातलं काहीच आलं नाही.

मी काय लिहिलं तर आधी पाण्यावर एक सुविचार, मग ऊस म्हणजे काय, मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी ‘म्हणून समतोल साधणे ही काळाची गरज आहे’. पेपर परत आला तर खाली लाल पेनानं एकच ओळ, ‘माहिती चांगली, पण तुमचं म्हणणं काय?’ दोन दिवस ती ओळ डोक्यातून जाईना.

खरं सांगायचं तर म्हणणं काय ते माझं मलाच ठरवता आलं नव्हतं. पाण्याकडं बघितलं तर ऊस नको वाटतो, पण आमच्या दोन एकर उसावरच माझी खोली, मेस, क्लासची फी निघायली. त्या रात्री वडिलांना फोनवर विचारलं, तुम्ही ऊस का मोडत नाही? ते म्हणले, “सोयाबीन कुणाला घालू ते सांग, उद्याच मोडतो.” त्यावर मला बोलताच आलं नाही.

तर जाणकारांनी सांगा की बाजू आधी ठरवायची का लिहिता लिहिता ठरते, विरुद्ध बाजूचं किती लिहायचं, जास्त लिहिलं तर आपलीच बाजू पडते का, आणि तीन तासांत दोन निबंध म्हणल्यावर कच्चा आराखडा करायला वेळ द्यावा का सरळ लिहायलाच बसावं? मित्र म्हणतोय आराखड्यात वेळ घालू नको, पाने भर.

प्रतिसाद १

मी ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते. तुमची अडचण एकट्याची नाही हो, आपण शाळेत ‘विज्ञान : शाप की वरदान’ लिहून मोठे झालोत. त्यात फायदे-तोटे लिहून दोन्हीकडून हात जोडले की मार्क मिळायचे, म्हणून बाजू न घ्यायची सवय लागते.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या वडिलांनी एका वाक्यात आख्खा निबंध दिलाय तुम्हाला! शेतकऱ्याला ऊस आवडतो म्हणून तो लावत नाही, तो लावतो कारण उसाला गिऱ्हाईक ठरलेलं आहे. आता ह्याच्या मागचा कायदा बघा. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला किमान भाव, २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्यावर टनाला ३५५० रुपये होती, तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते ते वेगळं, पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं कारखान्यानं १४ दिवसांत पैसे द्यायचेत आणि उशीर झाला तर व्याज. सोयाबीनला त्याच वर्षी हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, पण सरकारी खरेदी केंद्रावर माल घेतला गेला तरच तो हातात पडतो, आणि आडतीत कितीनं सौदे होतात ते लातूरात राहणाऱ्याला मी काय सांगू. म्हणजे तुमची बाजू अशी होऊ शकते, ‘मराठवाड्यातला ऊस बंदीनं कमी होणार नाही, सोयाबीन-तुरीला उसासारखी खरेदीची खात्री दिली तरच होईल.’ हे वाक्य चांगलं का, तर ह्याच्याशी कुणीतरी भांडू शकतं. ‘समतोल साधावा’ ह्याच्याशी कोण भांडणार?

बाजू आधीच ठरवा, लिहिता लिहिता ठरवायला गेलात की तिसऱ्या पानावर पहिलं पान खोडावं लागतं. एका निबंधाला दीड तास धरा, त्यातली पहिली वीस मिनिटं फक्त कच्च्या कामाला. वर ते एक वाक्य लिहायचं. खाली वाचणारा कोण ते ठरवायचं. ऊसवाल्याला पटवायचंय का बंदी मागणाऱ्याला? दोघांना एकाच सुरात नाही पटवता येत. मग तुमच्या विरुद्धचा सगळ्यात दणकट मुद्दा लिहायचा, लेचापेचा नाही. तुमच्या बाबतीत तो पाण्याचा आहे. मराठवाड्यात पाऊस साधारण ७०० मिलिमीटर आणि उसाला लागतं २००० च्या वर, ऊस शेतात १२ महिने उभा, आडसाली लागण असली तर १८ महिने, तर सोयाबीन शंभर दिवसांत घरात. हे टाळून पुढं गेलात तर तपासणारा तिथंच पेन ठेवतो. हे कबूल करा आणि मग विचारा की हे आकडे माहीत असूनही शेतकरी ऊस का लावतो. तिथून निबंध तुमच्या हातात येतो.

प्रत्येक परिच्छेद लिहून झाला की समासात ‘मग काय?’ असं बारीक लिहून बघा. उत्तर वरच्या वाक्यापर्यंत पोचत नसेल तर तो परिच्छेद कितीही चांगला असला तरी काढा, मला मुलांच्या वहीतनं सगळ्यात जास्त काढाव्या लागतात त्या ठिबकच्या व्याख्या. आणि घागरीच्या चिंध्या पहिल्या चार ओळींत घ्या, सुविचार नको.

प्रतिसाद २

वरच्या मॅडमशी सहमत. आपल्याकडं हे शिकायला लांब जायचं कामच नाही, गावातल्या सप्त्यात कीर्तनाला बसा. महाराज एकच अभंग घेतात आणि दोन तास त्याच्याच भोवती फिरतात, दृष्टांत कुठलाही देवो, फिरून त्याच चरणावर येतात. आणि श्रोत्याच्या मनात शंका यायच्या आधीच स्वतःच विचारतात, “महाराज, असं कसं?” मग सोडवतात. विरुद्ध बाजू तितकीच मांडायची जितकी तुम्हाला सोडवता येते, पण अर्धवट मांडून सोडायची नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तोच विषय परत घेतला, वीस मिनिटं खरंच घड्याळ लावून नुसता आराखडा केला, मित्राचं तोवर एक पान भरलं होतं. पण लिहायला बसल्यावर पहिल्यांदाच मला पुढचा परिच्छेद कोणता ते माहीत होतं. वाचणारा म्हणून बंदी मागणारा माणूस धरला, कारण २०१६ ला मीच तसा होतो. सुरुवात अशी केली, ‘घागरींना चिंध्या बांधणाऱ्या आईचा मुलगा असूनही मी ऊसबंदी मागत नाही, कारण माझी फी उसानं भरली आणि उसाच्या जागी काय लावू ह्याचं उत्तर मी वडिलांना देऊ शकलो नाही.’ वाक्य लांब झालंय का? तोडू का असंच ठेवू?

एक अजून अडतंय. खात्री द्या म्हणलं तर पैसा कुठून, हे कुणी विचारलं तर माझ्याकडं नीट उत्तर नाही. त्यावर कुणी अभ्यास केला असंल तर लिहा. तोवर वडिलांना कारखान्याच्या काटा पावत्या आणि बिल जमा झाल्याच्या तारखा मागितल्यात, चौदा दिवस खरंच पाळले जातात का ते आधी आमच्याच घरी बघतो. दोन हंगामांचा गठ्ठा ट्रंकेतून काढून ठेवलाय म्हणले, रविवारी गावाकडं चाललोय.