परदेशातलं सरकारी काम: गप्प वाट बघायची की कागद लावून भांडायचं?

वेंगुर्ल्याचो_झील
मंडळी, विचारायचं थोडं आणि वैताग काढायचा जास्त आहे. जर्मनीत मास्टर्सचं दुसरं वर्ष चालू आहे. रेसिडेन्स परमिट संपायच्या दोन महिने आधी ऑनलाइन अर्ज टाकला, सगळे कागद जोडले, आज साडेचार महिने झाले तरी परदेशी लोकांची परमिटं बघणाऱ्या ऑफिसातून 'तुमचा अर्ज मिळाला' या ऑटो रिप्लायच्या पुढे अक्षर नाही. फोन कोणी उचलत नाही. चतुर्थीला घरी जायचं होतं ते गेलं बोंबलत, आई माटवी बांधताना व्हिडिओ कॉल करते आणि मी इकडे मेल रिफ्रेश करतोय. माझं मत सरळ आहे, आपण कोकणातली पोरं फार सोसतो. तलाठी ऑफिसच्या बाकावर 'भाऊसाहेब साइटवर गेलेत, सोमवारी या' ऐकत वाढलो त्यामुळे थांबणं हेच काम वाटायला लागलंय. इथे कायदा आहे, तीन महिन्यांत सबळ कारण नसताना निर्णय दिला नाही तर ऑफिसवर कोर्टात दावा लावता येतो, उन्टेटिगकाइट्सक्लागे म्हणतात त्याला (शब्द पाठ करायला मला आठवडा लागला). मी लावणार. रूममेट म्हणतो येडा आहेस, फाइल तळाला टाकतील. बोला.

देवगडचो_बापूस
झिला, जरा दमान घे. माझी मुलगी पण तिकडेच शिकते म्हणून सांगतो. साडेसात लाखाच्या वर लोन म्हटलं की बँक तारण मागते, आमच्याकडे तारण म्हणजे कलमांची बाग आणि सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातले चार वारलेले, त्यांची वारस नोंद नाही, दोन चुलते मुंबईला, आत्या बडोद्याला, एक चुलतभाऊ बोलतच नाही. प्रत्येकाच्या दारात जाऊन संमती आणली, फेरफार झाला, तोवर आंबा संपून पाऊस सुरू झाला होता. त्यात व्हिसासाठी तिच्या नावे ब्लॉक्ड अकाउंटला (दर महिन्याला ठरलेलेच पैसे काढता येतात असं खातं) ११,९०४ युरो भरायचे, म्हणजे महिन्याला ९९२ प्रमाणे वर्षाचे, आणि आम्ही कागद फिरवतोय तोवर युरो रोज वर. त्या सगळ्यात मी एकदा जरी आवाज चढवला असता तरी आज फेरफार पेंडिंग असता. खुर्चीत माणूस बसलेला असतो बाबा, कायदा नाही. तू परक्या देशात विद्यार्थी आहेस, उद्या नोकरीचं परमिट त्याच टेबलावरून घ्यायचं आहे.

चिपळूणकर_७७
काका आदर ठेवून सांगतो, नेमकी हीच भीती आपण बॅगेत भरून तिकडे नेतो. आपल्याकडे पण २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखला मुदतीत दिला नाही तर अपील करता येतं, सेतूच्या बाहेर रांगेत उभ्या कितीजणांनी केलंय? मी तरी नाही केलं, मी पण ओळखीचा माणूसच शोधला. पण तिकडे ओळखीचा माणूस नाही ना, मग उरतो तो कागदच. अर्थात डायरेक्ट कोर्ट पण नको, फी आधी भरायला लागते आणि ती विद्यार्थ्याच्या खिशातून जाते. बऱ्याच युनिव्हर्सिटीत विद्यार्थी संघटनेचा फुकट वकील सल्ला असतो, आधी तिथे जा.

दापोलीकरीण
मी वेगळंच बोलणार आहे, राग मानू नका. तीन वर्षं राहून आले तिकडे. प्रॉब्लेम बऱ्याचदा ऑफिसचा नसतो, त्यांची पद्धत आपल्याला माहीत नसते हा असतो. माझं ऐका. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो, तो मी मिळवला, नोंदणी झाली, खूश. मग बँकेचं कार्ड येईना, टॅक्स नंबरचं पत्र येईना, इन्शुरन्सवाले म्हणतात आम्ही दोनदा पाठवलं. महिनाभर सगळ्यांना शिव्या घातल्या. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजीने हात धरून लेटरबॉक्सपाशी नेलं, त्यावर माझं नावच नव्हतं. तिकडे पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. आमच्या गावात 'मु.पो. अमुक, वाडीतली शाळेपाठची' एवढ्यावर मनीऑर्डर यायची, अख्खी वाडी एकाच आडनावाची तरी. मला कुठून सुचणार! वहीचं पान फाडून आडनाव चिकटवलं, आठवड्यात चार पत्रं. तेव्हा झील, आधी पेटी बघ, स्पॅम बघ, पासपोर्टवर वडिलांचं नाव तुझ्या नावात चिकटलंय का बघ, अर्जात एक आणि पासपोर्टवर दुसरं असलं की तिथेच अडकतं. दावे नंतर लावा.

रत्नागिरी_फास्ट
जायचं कशाला मग. इथे कॉलेज नाहीत काय 😀

वेंगुर्ल्याचो_झील
@रत्नागिरी_फास्ट तू झोप. @दापोलीकरीण ताई पेटीवर नाव आहे, मोठ्या अक्षरात, नाव पण पासपोर्टसारखंच टाकलंय. पद्धत कळली की काम होतं हे मान्य पण मग पद्धत पाळूनही साडेचार महिने लागतात त्याचं काय? त्या ऑफिसात माणसं कमी आहेत हे मला पण दिसतंय, पण त्याची किंमत मी का भरू, माझ्या पार्टटाइमवाल्याने सांगितलंय परमिट नाही तर पुढच्या महिन्यापासून शिफ्ट नाही.

चिपळूणकर_७७
थांब, मुदत संपायच्या आधी अर्ज केलास ना? मग निर्णय येईपर्यंत जुनंच परमिट चालू धरतात. त्याचा पुरावा म्हणून फिक्टिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मिळतो, कामावर तोच दाखवायचा. तो मागितलास का?

वेंगुर्ल्याचो_झील
मागायचा असतो??? मला वाटलं आपोआप येतो.

दापोलीकरीण
🙂 मी काय म्हणत होते.

देवगडचो_बापूस
हसू नको गो. पोरगं एकटं आहे तिकडे. पण आता बघा, भांडणाची गरज पडली का? नुसतं मागायचं होतं.

वेंगुर्ल्याचो_झील
अपडेट. संघटनेच्या वकील बाईंकडे गेलो, पंधरा मिनिटं मिळाली. त्यांनी अर्धं पान पत्र लिहून दिलं: अर्जाची तारीख, तीन महिने उलटले ती तारीख, फिक्टिओन्सबेशाइनिगुंग १४ दिवसांत द्या, नाहीतर दावा लावू. ते रजिस्टर्ड पोस्टाने टाकलं. सहाव्या दिवशी मेल, मंगळवारी सकाळी ८.२० ला या. काका, नुसतं मागितलं म्हणून आलं की शेवटच्या ओळीमुळे आलं हे तुम्हीच ठरवा, मला माहीत आहे कशामुळे आलं.

देवगडचो_बापूस
मागितलंस म्हणून.

चिपळूणकर_७७
शेवटच्या ओळीमुळे. काका हरले 😀

दापोलीकरीण
ते जाऊदे, मंगळवारी फोटो कुठला नेणार आहेस? मे २०२५ पासून कागदी फोटो चालत नाहीत, डिजिटलच लागतो.

वेंगुर्ल्याचो_झील
आईने कुडाळच्या स्टुडिओतून बारा कॉप्या काढून दिल्या होत्या ताई. बारा.