स्प्रिंग बूट शिकायला आधी सर्व्हलेट गिरवायलाच हवं का?

सेमीकोलन

जावात वेब अ‍ॅप्लिकेशन करायला शिकायचंय, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: आधी सर्व्हलेट (रिक्वेस्ट घेऊन उत्तर देणारा जावाचा क्लास), मग जेएसपी (एचटीएमएलमध्ये जावा मिसळून पानं करणं), मग जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी थेट बोलणं), मग एक्सएमएलवालं साधं स्प्रिंग फ्रेमवर्क, आणि एवढं करून जीव उरलाच तर स्प्रिंग बूट, म्हणजे तेच स्प्रिंग, पण बरीचशी मांडणी तयार करून दिलेलं. माझं मत उलटं आहे. पहिल्याच दिवशी थेट बूट घ्या.

हा क्रम म्हणजे सांगणाऱ्याच्या नोकरीचा इतिहास असतो. ईजेबी या जावाच्या जुन्या, अवजड पद्धतीचा जाच नको म्हणून २००४ मध्ये स्प्रिंग १.० आलं. पुढे स्प्रिंगच्याच एक्सएमएलचा डोंगर झाला, तेव्हा २०१४ मध्ये बूट आलं. मागच्यांनी सोसलं म्हणून नव्यांनीही सोसायचं, हा कुठला न्याय? जेएसपीबद्दल तर बूटच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलंय की एम्बेडेड, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनच्या आतच चालणाऱ्या सर्व्हरबरोबर त्याला मर्यादा आहेत, जमल्यास टाळा. तरी आपल्याकडे तेच दुसऱ्या पायरीवर.

बूटमध्ये वेबचा स्टार्टर (लागणाऱ्या लायब्ररींचा तयार गठ्ठा) टाकला, मेन मेथड चालवली की टॉमकॅट हा वेब सर्व्हर आतल्या आत सुरू होतो आणि ८०८० पोर्टवर उत्तर मिळायला लागतं. चालणारी वस्तू हातात असली की पुढचे प्रश्न आपोआप पडतात. उलट सर्व्हलेटमध्ये, वॉर फाइल (अ‍ॅप्लिकेशनचं गाठोडं) नक्की कुठे टाकायची आणि पत्त्याचं मॅपिंग का लागत नाही, यातच कितीतरी जण गळतात.

जुनाखांब

गळू देत. उरतात ते कामाचे असतात.

मी मुलाखती घेतो. एकच प्रश्न विचारतो: ब्राउझरमधून निघालेली रिक्वेस्ट तुमच्या कंट्रोलरपर्यंत, म्हणजे ती हाताळणाऱ्या तुमच्या क्लासपर्यंत, पोचते कशी? उत्तर येतं, ‘अ‍ॅनोटेशन लावलंय ना सर.’ संपलं. बायोडेटात मात्र मायक्रोसर्व्हिसेसपासून सगळं.

आता हे बघा. ऑर्डर घेणारा एक सर्व्हिस क्लास आहे. त्यातली एक मेथड त्याच क्लासातल्या दुसऱ्या मेथडला हाक मारते. दुसरी आधी ऑर्डर साठवते, मग गोदामातला आकडा कमी करते, आणि तिच्यावर ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन (‘सगळं होऊ दे, नाहीतर काहीच नको’ असं सांगणारी खूण) आहे. आकडा कमी करताना एक्सेप्शन फुटलं. ऑर्डर परत फिरायला हवी होती, ती डेटाबेसात ठाण मांडून बसली. का? स्प्रिंग तुमच्या ऑब्जेक्टपुढे प्रॉक्सी (मधला दलाल ऑब्जेक्ट) उभी करतं आणि ट्रान्झॅक्शन सुरू करण्याचं काम ती प्रॉक्सी करते. बाहेरून आलेला कॉल तिच्यातून जातो, आतल्या आत केलेला जात नाही. म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरूच झालं नव्हतं. बरं, सुरू असतं आणि एक्सेप्शन चेक्ड (कंपायलर हाताळायला लावतो तसलं) असतं, तरीही आपोआप रोलबॅक (केलेलं परत फिरवणं) झाला नसता, कमिटच (कायमचं साठवणं) झालं असतं. मुळात रोलबॅक होतो तो रनटाइम एक्सेप्शन आणि एरर यांनाच.

हे कोड वाचून दिसत नाही. टेस्टमध्येही सहसा सापडत नाही, कारण तिथे सगळं सुरळीतच चालतं. थेट बूटवर उडी मारणारा अशा ठिकाणी नुसता अ‍ॅनोटेशनं इकडची तिकडे करत बसतो.

सेमीकोलन

उदाहरण झकास आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. प्रॉक्सीची भानगड स्प्रिंगची स्वतःची. वर्षभर सर्व्हलेट घोटले तरी ती कळणार नाही, कारण सर्व्हलेटमध्ये ती नाहीच! ती स्प्रिंगमध्ये काम करतानाच कळते. म्हणजे वेळ स्प्रिंगलाच द्यायला हवा ना?

आणि ‘जादू’ म्हणून बूटला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा अ‍ॅप्लिकेशन डीबगचा पर्याय देऊन चालवून बघावं. कुठलं ऑटो-कॉन्फिगरेशन (बूटने स्वतःहून केलेली मांडणी) लागलं, कुठलं नाही आणि कुठल्या अटीमुळे, याची यादीच लॉगमध्ये छापून येते. लांबलचक आहे, मान्य. पण लपवलेलं काही नाही.

जुनाखांब

प्रॉक्सीपुरतं बरोबर बोललात. मग सर्व्हलेटचंच उदाहरण देतो: फिल्टर, म्हणजे रिक्वेस्ट पुढे जाण्याआधी तिला अडवून तपासणारा कोड.

स्प्रिंग सिक्युरिटीचा स्टार्टर टाकला की सगळे पत्ते कुलूपबंद होतात आणि लॉगमध्ये एक पासवर्ड छापून येतो. तिथवर ठीक. मग नवा माणूस लॉगिन करतो, गेट रिक्वेस्ट चालते, पोस्ट केलं की ४०३ (मनाई). कंट्रोलरमध्ये ब्रेकपॉइंट लावून बसतो, तो काही थांबत नाही. थांबणार कसा? रिक्वेस्ट तिथवर पोचलेलीच नाही. सिक्युरिटी ही मुळात सर्व्हलेट फिल्टरची साखळी आहे. सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली, दुसऱ्या साइटने फसवून पाठवली नाही, याची खूण) नाही म्हणून तिने दारातूनच हाकलून दिलंय. फिल्टर ठाऊक नसलेला माणूस मग कुठून तरी एक ओळ आणतो, सीएसआरएफ बंद करतो आणि पुढे जातो. टोकनवर चालणाऱ्या एपीआयला ते एक वेळ खपतं. कुकीच्या सेशनवर चालणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये त्याने दार सताड उघडं टाकलेलं असतं, आणि त्याला पत्ताही नसतो.

दुसरं, सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट एक आणि त्यावर थ्रेड अनेक, हे तिथे पहिल्या धड्यात असतं. बूटवाले कंट्रोलरच्या फील्डमध्ये चालू युजर ठेवतात आणि एकाची माहिती दुसऱ्याला दिसते.

सेमीकोलन

दुसरा मुद्दा पटत नाही. सर्व्हलेटच्या काळातही लोक फील्डमध्येच ठेवायचे. पहिल्या धड्यात असून कुणी ऐकलं नव्हतं. फिल्टरचं मान्य, ते शिकलंच पाहिजे. पण सिक्युरिटी टाकल्यावर शिका की, सहा महिने आधी कशाला?

ओळीतली_मुंगी

दोघेही भलत्याच गोष्टीवर भांडताय. माझ्या टीममध्ये आजवर जे अडलं ते सर्व्हलेटमुळे नाही आणि बूटमुळेही नाही. लोकांना एचटीटीपी येत नाही आणि एसक्यूएल येत नाही, म्हणून अडतं.

पन्नास ऑर्डरींची यादी दाखवायची आहे. रिपॉझिटरीतून आणल्या: एक क्वेरी. मग लूपमध्ये प्रत्येकीच्या ग्राहकाचं नाव काढलं, नातं लेझी (मागितल्यावरच डेटा आणणारं), ग्राहक वेगवेगळे: आणखी पन्नास. पानाला एक्कावन्न क्वेऱ्या. स्वतःच्या मशीनवर दहा ओळींच्या डेटावर हे कधीच जाणवत नाही. एसक्यूएल लॉगमध्ये छापण्याची सेटिंग चालू केली की भसाभस ओळी येतात आणि मग डोळे उघडतात. पण ज्याने हाताने जॉइन लिहिलेलाच नाही त्याला त्या ओळी बघूनही काही खटकत नाही, हे खरं दुखणं.

तेच कनेक्शनचं. बूटमध्ये टॉमकॅटचे थ्रेड मुळात कमाल २०० आणि डेटाबेसचा हिकारी पूल (तयार कनेक्शनांचा साठा) १०. जेपीए (ऑब्जेक्ट आणि टेबलं जोडणारी सोय) वापरलं की ओपन-इन-व्ह्यू, म्हणजे रिक्वेस्ट संपेपर्यंत डेटाबेसचं सेशन उघडं ठेवणं, आपोआप चालू असतं. सुरू होताना लॉगमध्ये तशी ताकीदही येते, ती सगळे दुर्लक्षित करतात. मग कंट्रोलरने आधी डेटाबेस वाचला आणि नंतर बाहेरच्या एखाद्या मंद सेवेला हाक मारली, की तेवढा सगळा वेळ कनेक्शन अडकून राहू शकतं. अशा दहा रिक्वेस्ट एकदम आल्या की अकरावी ताटकळत उभी. दोष जातो ‘जावा स्लो आहे’ला.

तेव्हा सर्व्हलेट आधी की बूट आधी हे नंतर बघू. आधी फ्रेमवर्कला हात न लावता चार टेबलं करा, जॉइन लिहा, आणि कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं साधन) रिक्वेस्ट पाठवून हेडर वाचा.

खडूस

जावाच कशाला पण?

ओळीतली_मुंगी

@खडूस, धागा जावाचा आहे म्हणून. पुढचा.

कोरीपाटी

मी अगदी नवीन. सर्व्हलेट अभ्यासक्रमात होतं, परीक्षेपुरतं केलं. आता व्हिडिओ बघून बूट करतोय. व्हिडिओतलं कोड जसंच्या तसं टाइप केलं तरी जावाएक्सने सुरू होणाऱ्या इम्पोर्टखाली लाल रेघा येतात. व्हिडिओत येत नाहीत. माझं काय चुकतंय?

जुनाखांब

तुझं काही चुकत नाहीये, व्हिडिओ जुना आहे. ओरॅकलने जावा ईई (सर्व्हलेट, जेपीए वगैरे ज्यात येतं तो जावाचा भाग) एक्लिप्स फाउंडेशनला दिलं, पण जावाएक्स हे नाव पुढे वापरायला मोकळीक मिळाली नाही. म्हणून पॅकेजांची नावं जकार्ता झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या बूट ३.० पासून हेच आहे, आणि त्याला जावा १७ तरी लागतं. तेव्हा पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन, सर्व्हलेट यांच्या इम्पोर्टमध्ये जावाएक्सच्या जागी जकार्ता लिही.

सरसकट फाइंड-रिप्लेस मात्र मारू नकोस. जावाएक्स-एसक्यूएल हे पॅकेज जेडीकेचं, म्हणजे मूळ जावाचंच आहे, त्याचं नाव बदललेलं नाही. डेटासोर्स त्यातच येतो. तेही बदललंस तर नव्या लाल रेघा.

सेमीकोलन

@कोरीपाटी, व्हिडिओपेक्षा स्प्रिंगच्या साइटवरची छोटी मार्गदर्शकं बघ, ती नव्या आवृत्तीनुसार बदलत असतात. आणि हे वाचून सर्व्हलेट पुन्हा उघडून बसू नकोस, म्हणजे झालं.

जुनाखांब

अजिबात ऐकू नकोस त्यांचं. एका संध्याकाळचं काम आहे. बूट न घेता एक सर्व्हलेट आणि एक फिल्टर लिही. फिल्टरमध्ये साखळी पुढे नेणारी ओळ गाळून बघ काय होतं ते. मग टाकून दे सगळं.

सेमीकोलन

तीच संध्याकाळ बूटमध्येही घालवता येते. कंट्रोलरच्या मेथडमध्ये ब्रेकपॉइंट लाव, ब्राउझरमधून रिक्वेस्ट मार आणि कॉल स्टॅक तळापासून वर वाचत ये. सगळं तिथेच आहे.

कोरीपाटी

जकार्ता केलं, रेघा गेल्या. धन्यवाद! ब्रेकपॉइंटही लावला. तळाशी थ्रेड रन, मग टॉमकॅटचे बरेच क्लास, मग डू-फिल्टर पुन्हा पुन्हा, मग एचटीटीपी-सर्व्हलेट, त्यावर डिस्पॅचर-सर्व्हलेट, आणि सगळ्यात वर माझी मेथड. पण मी एकही फिल्टर लिहिलेला नाही आणि सिक्युरिटीही टाकलेली नाही. मग हे इतके डू-फिल्टर कुणाचे?

जुनाखांब

बूटने स्वतःहून लावलेले. त्यातल्या कॅरॅक्टर-एन्कोडिंगवाल्यावर क्लिक करून आतलं कोड वाच. तो फिल्टर सोपा आहे, पहिला तोच घे.