मदत हवी आहे: काँक्रीटच्या कवचछतावरून बेतलेल्या दिव्याच्या शेडला सारखी जाडी कशी द्यावी?

नमस्कार. पातळ काँक्रीट कवचांसाठी ओळखले जाणारे वास्तुकार फेलिक्स कँडेला यांनी मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्को भागात १९५८ साली बांधलेल्या लॉस मानान्तियालेस या उपाहारगृहाचे छत डोळ्यांपुढे ठेवून मी टेबलावरच्या दिव्याची शेड संगणकावर रेखाटत आहे. खोगिराच्या आकाराचे चार पृष्ठभाग एकाच मध्यबिंदूभोवती ४५-४५ अंशांनी फिरवले आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे कापले, की त्या छताच्या आठ पाकळ्या तयार होतात. इथवर काहीच अडले नाही.

अडले ते जाडीपाशी. मूळ छताचा विस्तार ३० मीटरहून अधिक आणि जाडी जेमतेम ४ सेंमी आहे. तेच प्रमाण माझ्या २४ सेंमीच्या शेडला लावले तर जाडी ०.३२ मिमीच्याही खाली जाते, आणि माझ्या थ्रीडी प्रिंटरच्या नोझलचे छिद्रच ०.४ मिमीचे आहे. म्हणून १.६ मिमी जाडी ठरवली आणि आळस करून तोच पृष्ठभाग तेवढाच सरळ खाली सरकवून मधली जागा भरून टाकली. प्रिंट दिसायला सुबक आला, पण दिवा लावताच प्रत्येक घळीच्या (दोन पाकळ्या मिळतात त्या खोलगट रेषेच्या) दोन्ही बाजूंना, पायांकडे रुंद होत जाणारे उजळ पट्टे उमटले. कारण उघड आहे: उभ्या दिशेने मोजलेली जाडी सारखी असली, तरी जिथे उतार ६० अंशांचा होतो तिथे कवचाची खरी जाडी निम्मी, म्हणजे ०.८ मिमीच उरते.

मग प्रत्येक पाकळी पृष्ठभागाला काटकोनात आतल्या बाजूस ऑफसेट करून, म्हणजे सर्वत्र सारख्या अंतरावर सरकवून, पाहिली. जाडी सारखी झाली, पण घळींच्या खालच्या बाजूस शेजारच्या पाकळ्यांमध्ये फट पडली आणि घनाकृती बंदच होईना. बाहेरच्या बाजूस ऑफसेट केल्यावर पाकळ्या एकमेकींत घुसल्या.

आता दोन मार्ग दिसतात. चारही खोगिरे कापण्याआधी, आहेत त्याहून मोठी ठेवून, त्यांना जाडी द्यावी आणि मग आतले व बाहेरचे पृष्ठभाग वेगवेगळे छाटून जोडावेत. किंवा फट तशीच ठेवून ती घळीलगतच्या फासळीने भरावी. कँडेला यांनीही घळींपाशी कवच जाड करून तिथे व्ही आकाराच्या तुळया दडवल्या होत्या, त्यामुळे दुसरा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र उजळ पट्ट्यांच्या जागी आठ काळ्या रेघा दिसतील, ही धास्ती आहे.

ज्यांनी अशा छेदणाऱ्या पृष्ठभागांना जाडी दिली आहे, त्यांनी कोणता क्रम पाळला? शिवाय, मधला सपाट भाग आधाराशिवाय छापता येत नसल्याने शेड घळींवरच कापून आठ तुकड्यांत छापण्याचा विचार आहे; तसे केल्यास त्या फासळीचे दोन भाग करून प्रत्येक पाकळीला अर्धी द्यावी, की ती वेगळी छापून सांध्यावर चिकटवावी?